चॅरिटी बँगर रॅलीसाठी स्वस्त जुनी गाडी (यूके): कोणती घ्यावी, काय तपासावे?

लीड्सची_वाट

मंडळी, सप्टेंबरमधल्या पाच दिवसांच्या चॅरिटी बँगर (जुन्या खटारा गाड्यांच्या) रॅलीसाठी गाडी शोधायची आहे. आयोजकांची अट अशी, की गाडीची खरेदी किंमत ७५० पौंडांच्या आत हवी. मार्ग ढोबळमानाने लीड्स, डोव्हर, कॅले, बाझेल, स्टेल्व्हिओ घाट, कोमो सरोवर आणि परत, म्हणजे सुमारे २००० मैल. माणसे चार, चालवणारे दोन. त्यातल्या एकाचा पासपोर्ट भारतीय आहे.

प्रश्न तीन. या पैशांत कोणती गाडी सुखरूप परत येईल? विकत घेण्याआधी स्वतः काय तपासावे? आणि किमतीशिवाय आणखी किती खर्च धरावा? शर्यतीचा भाग नाही, वेळ मोजत नाहीत. जमलेला सगळा पैसा हॉस्पिसला (अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेला) जाणार आहे, म्हणून गाडीवर उगाच उधळपट्टी नको.

---

बोनेट_उघडा

मॉडेलचे नाव नंतर. आधी गाडीचा नंबर घ्या आणि सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा (गाडीच्या दरवर्षीच्या सक्तीच्या चाचणीचा) इतिहास उघडा. तो फुकट आहे आणि २००५ पासूनच्या चाचण्या दिसतात: दरवेळचे मायलेज, कशात नापास, आणि पास होऊनही लिहिलेल्या सूचना. विकणारा काय सांगतो यापेक्षा हे पान दहापट बोलके असते.

ते वाचायची एक पद्धत आहे. एकाच वर्षाचा शेरा बघू नका, सलग पाच-सहा वर्षांचे बघा. ‘ब्रेक पाइप थोडा गंजलेला’ हा शेरा तीन वर्षे येत असेल आणि चौथ्या वर्षी गायब झाला असेल, तर एक तर पाइप बदलला आहे किंवा त्यावर ग्रीस थापले आहे. बदलल्याची पावती मागा. टायरचा शेरा आला आणि पुढच्या वर्षी तोच टायर ‘मर्यादेच्या जवळ’ असा दिसला, तर मालक अगदी गरजेपुरताच खर्च करणारा आहे, तेलही तसेच बदलले असणार असे धरून चाला. याउलट दरवर्षी किरकोळ गोष्टीत नापास होऊन त्याच आठवड्यात दुरुस्त करून पास झालेली गाडी चांगली. तिच्यावर कोणीतरी पैसे घातलेले आहेत.

‘सिल’ (दाराखालचा पत्रा), ‘सबफ्रेम’ (इंजिन आणि चाके धरणारी खालची चौकट), ‘स्प्रिंगच्या बैठकीजवळ गंज’ हे शब्द दिसले तर गाडी सोडून द्या. वेल्डिंगचा अंदाज बाहेरून कधीच लागत नाही. पत्र्याला ग्राइंडर लावला की भोक वाढतच जाते.

मायलेजला घाबरू नका. मोटरवेवर दीड लाख मैल पळालेली गाडी ही शाळा-दुकान करत साठ हजार झालेल्या गाडीपेक्षा आल्प्ससाठी बरी, कारण छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही, तेलात पाणी आणि पेट्रोल साठत जाते.

आता मॉडेल. नियम एवढाच: पेट्रोल, टर्बो नसलेली, मॅन्युअल गिअर, आणि रस्त्यावर अजून भरपूर दिसणारी, म्हणजे सुटे भाग कुठेही मिळतील.

टोयोटा यारिस पहिली पिढी (१९९९ ते २००५), १.० किंवा १.३. टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) आहे, ठरावीक काळाने बदलायच्या बेल्टचा खर्च नाही. निसान मायक्रा के११ चे इंजिनही चेनचे आणि दणकट, पण सिल गंजतात. तिच्यानंतरच्या के१२ मध्ये चेन ताणली जाते, थंड इंजिन सुरू करताना खडखडाट ऐकू येतो. होंडा जॅझ २००१ ते २००८, १.४: जागा उत्तम, चेन आहे. त्या इंजिनाला चार नव्हे आठ स्पार्क प्लग लागतात, हे खर्चात धरा. फोर्ड फोकस पहिली पिढी १.६: चालवायला सगळ्यात छान, चौघांना जागा, भाग स्वस्त, पण तिला टायमिंग बेल्ट आहे.

टाळायच्या: रोव्हर २५, ४५ आणि त्या के-सीरीज इंजिनाच्या सगळ्या गाड्या, जोपर्यंत सुधारित हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधले सील) बसवल्याची पावती समोर नाही तोपर्यंत. त्या इंजिनात कूलंट मुळातच कमी, थोडी गळती झाली तरी तापते आणि गॅस्केट जाते. प्यूजो २०६ चा मागचा अॅक्सल बघितल्याशिवाय घेऊ नका. आतले बेअरिंग झिजले की मागची चाके वरच्या बाजूने आत झुकलेली दिसतात. आणि दहा-पंधरा वर्षांचे डिझेल नको: डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचला जोडलेले जड चाक), यातला कोणताही एक भाग गाडीच्या किमतीपेक्षा महाग.

---

सह्याद्रीचा_पाना

डिझेलबद्दल थोडा असहमत. २००५ च्या आसपासची डीपीएफ नसलेली डिझेल एस्टेट (मागे लांब डिकी असलेली गाडी) चौघांना आणि सामानाला घाटात १.० यारिसपेक्षा कितीतरी बरी ओढते. उंचीवर हवा विरळ, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्के घटते. स्टेल्व्हिओचा माथा २७५७ मीटर. तिथे यारिसच्या ६८ अश्वशक्तीतली पाव गेलेली असेल आणि आत चार माणसे.

---

बोनेट_उघडा

ताकदीचा मुद्दा बरोबर, म्हणून चौघांसाठी १.० नको, निदान १.३ किंवा १.४ घ्या. पण जुन्या डिझेलची दुसरी अडचण कागदावरची आहे. शहरांच्या प्रदूषण-क्षेत्रांत जुने डिझेल आधी अडते. लंडनच्या यूलेझ या क्षेत्रात पेट्रोलला युरो ४ (युरोपचा धुराचा दर्जा, आकडा मोठा तितका कडक) पुरते, डिझेलला युरो ६ लागते, नाहीतर दिवसाला साडेबारा पौंड. जर्मनीतही हिरवे स्टिकर जुन्या पेट्रोलला सहज मिळते, डिझेलला युरो ४ किंवा फिल्टर लागतो. मार्ग आयत्या वेळी बदलला तरी पेट्रोलवाला मोकळा राहतो.

---

लीड्सची_वाट

म्हणजे जॅझ किंवा फोकस. बघायला गेल्यावर काय करायचे ते क्रमाने सांगाल का? गाडीखाली शिरण्याइतका अनुभव आमच्यापैकी कोणाला नाही.

---

बोनेट_उघडा

जाण्याआधी विकणाऱ्याला सांगा, ‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ पोचल्यावर पहिला हात बोनेटवर. गरम असेल तर काहीतरी लपवायचे आहे असे समजा, कारण सुरू व्हायची कुरकुर, चेनचा आवाज, निळा धूर हे सगळे थंड इंजिनावरच कळते.

थंड असतानाच कूलंटच्या टाकीचे झाकण उघडा. रंग स्वच्छ हवा. तांबूस गढूळ पाणी म्हणजे वर्षानुवर्षे नुसते नळाचे पाणी ओतले आहे. वर तेलाचा तवंग असेल तर लगेच परत फिरा. तेलाच्या झाकणाखाली पांढरट पिवळे लोणी दिसले तर घाबरून जाऊ नका, छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत ते बाष्पानेही होते. डिपस्टिक बघा: तिथेही दुधाळ तेल असेल तर गॅस्केट गेले. खात्री हवी असेल तर ब्लॉक टेस्टचे किट मिळते. टाकीच्या तोंडावर नळी ठेवायची, निळे द्रव पिवळे झाले की ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येतो आहे.

मग गाडी सुरू करा आणि पंखा आपोआप सुरू होईपर्यंत चालू ठेवा. पंधरा-वीस मिनिटे लागतात. ही पायरी कोणीही गाळू नये, कारण मोटरवेवर वारा रेडिएटर थंड ठेवतो. बिघडलेला पंखा किंवा अडकलेला थर्मोस्टॅट चढावर, ताशी वीस मैलांवरच उघडा पडतो. त्या वेळात हीटर पूर्ण गरमवर लावून बघा. इंजिन गरम आणि हीटरची हवा गार असेल तर कूलंट कमी आहे, हवा अडकली आहे किंवा हीटरचा रेडिएटर तुंबला आहे.

चालवताना: तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीस मैलांवरून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण वेग तसाच राहिला तर क्लच घसरतो आहे. रिकाम्या मैदानात स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून हळू गोल फिरा, टकटक आली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा) झिजला. गतिरोधकावरून जाताना एकच ठोका म्हणजे बहुतेक ड्रॉप लिंक (सस्पेन्शनची छोटी दांडी), तो स्वस्तात होतो. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरले तर पुढच्या डिस्क.

चार बारीक गोष्टी लोक विसरतात. चाकाच्या कुलूपबंद नटाची चावी गाडीत आहे का? ती नसेल तर पंक्चर झाल्यावर चाक निघणारच नाही. टो करायचा हुक आणि जॅक जागेवर आहेत का? स्टेपनी आहे का, आणि असली तर तिच्या कडेवरचा चार आकडी शिक्का बघा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘३२०९’ म्हणजे २००९ मधला बत्तिसावा आठवडा. नक्षी नवी कोरी असली तरी तो रबर संपलेला आहे.

शेवटी, एखादा साधा ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारे यंत्र) खिशात न्या. इंजिनाचा पिवळा दिवा किल्ली फिरवल्यावर पेटून मग विझला पाहिजे. पेटतच नसेल तर बल्ब काढला आहे.

---

फाइलवाला

कागदांकडे वळतो, कारण गाडी नीट असूनही लोक डोव्हरला अडकतात ते यामुळे.

व्ही५सी म्हणजे आपल्याकडच्या आरसी बुकाचा भाऊ, पण एक फरक: तो मालकीचा पुरावा नाही, फक्त नोंदणीकृत वापरणारा कोण ते सांगतो. म्हणून विक्रीची पावती वेगळी लिहून घ्या: नंबर, चासी क्रमांक, किंमत, तारीख, दोघांच्या सह्या. आयोजकांची किमतीची अट सिद्ध करायलाही तीच पावती चालते. व्ही५सीवरचा चासी क्रमांक काचेखालच्या पट्टीशी जुळवून बघा. गाडीवर कर्ज थकलेले नाही ना, चोरीची किंवा अपघातात बाद झालेली नाही ना, याचा सशुल्क अहवाल जरूर घ्या. कर्ज असेल तर कर्ज देणारी कंपनी गाडी तुमच्याकडून उचलून नेऊ शकते.

नावबदल विकणाऱ्याकडून तिथल्या तिथे ऑनलाइन करून घ्या, म्हणजे नवा व्ही५सी साधारण आठवड्यात येतो. टपालाने पाठवला तर चार आठवडे धरा. परदेशात मूळ व्ही५सी सोबत लागतो, खरेदीच्या वेळी मिळणारी त्यातली हिरवी चिठ्ठी पुरत नाही. त्यामुळे खरेदी रॅलीच्या किमान सहा आठवडे आधी.

रोड टॅक्स गाडीबरोबर येत नाही, २०१४ च्या ऑक्टोबरपासून विक्रीबरोबर तो संपतो. विमा आणि टॅक्स दोन्ही फोनवरून भरूनच गाडी हलवायची. एमओटी संपलेली गाडी फक्त आधी वेळ ठरवलेल्या चाचणीपर्यंत किंवा दुरुस्तीपुरतीच चालवता येते, तीही विम्यासकट. आणि एमओटी परत येण्याच्या तारखेपलीकडे हवी, कारण परदेशात असताना ती संपली तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळते.

नंबर प्लेटकडे बघा. निळ्या पट्टीवर युरोपचे तारे आणि जीबी असेल, जे या वयाच्या गाडीवर बऱ्याचदा असते, तर ती खूण सप्टेंबर २०२१ पासून चालत नाही. मागे यूकेचे स्टिकर लावा. फ्रान्ससाठी त्रिकोण आणि चमकदार जाकीट सक्तीचे. जाकिटे डिकीत नव्हे, हाताशी ठेवा, कारण ती गाडीतून उतरण्याआधी घालायची असतात. हेडलाइटला बीम वळवणारी पट्टी. स्वित्झर्लंडचा मोटरवे वापरणार असाल तर ४० फ्रँकचा वर्षभराचा व्हिन्येट (टोलचे स्टिकर), आता तो ऑनलाइनही मिळतो. फ्रेंच शहरांत शिरणार असाल तर क्रितेर या प्रदूषण-वर्गाच्या स्टिकरचा नियम निघण्याआधी तपासा. आणि लीड्सहून जाताना डार्टफर्ड क्रॉसिंगवर टोलनाका नाही, पैसे दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरायचे. परदेशाच्या गडबडीत हे हमखास राहते.

---

लीड्सची_वाट

विम्याचे काय? आणि भारतीय पासपोर्टवाल्याचे?

---

फाइलवाला

विमा: जवळपास प्रत्येक पॉलिसीत ‘रॅली, स्पर्धा, वेगचाचणी’ वगळलेली असते. तुमची रॅली वेळेची नाही, पण नावात रॅली आहे. म्हणून फोन करून सांगा आणि उत्तर लेखी घ्या: ‘सार्वजनिक रस्त्यांवरचा प्रवास, वेळ मोजत नाहीत, बक्षीस नाही, चॅरिटीसाठी.’ युरोपात किमान तृतीय पक्ष विमा आपोआप लागू असतो आणि ऑगस्ट २०२१ पासून ग्रीन कार्ड (परदेशात दाखवायचा विम्याचा दाखला) लागत नाही. सर्वंकष विमा परदेशात चालतो का आणि किती दिवस, ते वेगळे विचारा. गाडी रंगवली, छतावर पुतळा बसवला, तर तोही बदल विमा कंपनीला कळवायचा. मूळ रंग बदलला तर डीव्हीएलए या सरकारी वाहन-नोंदणी कचेरीलाही. निळे दिवे आणि पोलिसांसारखी नक्कल कुठेच नको.

ब्रेकडाउन कव्हर घेताना दोन ओळी शोधा. गाडीच्या वयाची मर्यादा ही एक. दुसरी, ‘गाडी परत आणण्याचा खर्च तिच्या बाजारभावापेक्षा जास्त नसावा’. पाचशे पौंडांची गाडी इटलीत बंद पडली तर या दुसऱ्या ओळीमुळे कंपनी ती परत आणत नाही, माणसांची सोय तेवढी करते. तेव्हा गाडीचे काय करायचे याची योजना आणि थोडे पैसे बाजूला हवेत. आणि ब्रेक्झिटनंतर यूकेची गाडी तिथे विकणे किंवा सोडून देणे म्हणजे सीमाशुल्काच्या दृष्टीने आयात. नाक्यावरची कटकट तुमच्या नावावर राहते.

भारतीय पासपोर्ट: शेंगेन व्हिसा लागणारच, यूकेचा वास्तव्य-परवाना असला तरी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी तरी पोचला पाहिजे, पण उन्हाळ्यात भेटीच्या वेळाच मिळत नाहीत, म्हणून एप्रिल-मेमध्येच धरा. जिथे सर्वाधिक रात्री तिथल्या वकिलातीत अर्ज, रात्री सारख्या असतील तर पहिल्या प्रवेशाचा देश. फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. काही आयोजक रोजचा मुक्काम आदल्या रात्री जाहीर करतात. मजेला ते ठीक, पण व्हिसासाठी मुक्कामाचे पुरावे लागतात. आयोजकांना आत्ताच लिहा आणि मुक्कामाच्या गावांची यादी पत्रावर मागून घ्या. चांगले आयोजक देतात.

शिवाय त्यांचे लायसन्स कोणते आहे ते बघा. भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये स्थायिक झाल्यापासून १२ महिनेच चालवता येते. त्यानंतर इथली परीक्षा देऊन इथले लायसन्स. ते नसेल तर त्यांचे नाव चालक म्हणून विम्यात घालूच नका.

---

घाटमाथा

स्टेल्व्हिओ मार्गात आहे म्हणून ब्रेकवर थोडे सविस्तर. जुन्या गाड्या चढताना तापतात हे सगळ्यांना माहीत असते, पण जिवावर बेतते ते उतरताना.

प्राटो गावाच्या बाजूने माथ्यापर्यंत ४८ नागमोडी वळणे आहेत आणि उंचीचा फरक सुमारे १८०० मीटरच्या वर. चार माणसांसह १४०० किलोची गाडी तेवढी खाली आली की २५ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. २० अंशांचे ७५ लिटर पाणी उकळीला आणायला लागेल इतकी ही उष्णता. थोडी वारा आणि टायर घेतात, बाकी इंजिनाने घेतली नाही तर ब्रेक घेतात.

ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषते. डॉट ४ या नेहमीच्या प्रतीच्या ब्रेक तेलाचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश सेल्सियस, पाणी मुरल्यावर किमान १५५. जुन्या गाडीत ते कधी बदलले हे कोणालाच माहीत नसते. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकते. पॅड नवे असले तरी हेच होते. म्हणून निघण्याआधी ब्रेकचे तेल पूर्ण बदला, एक लिटर पुरते, सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करण्याची सर्वसाधारण पद्धत, पण तुमच्या मॉडेलचा क्रम पुस्तिकेत बघा. जुन्या गाडीचे ब्लीड निपल (जुने तेल काढायचे स्क्रू) गंजून तुटतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवा, आणि षटकोनी पाना वापरा.

उतरताना नियम आपल्या घाटांतलाच: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. बहुतेक वेळा दुसरा. ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी एकदा ठामपणे दाबा, वेग उतरवा, सोडून द्या. वास आला किंवा पेडल मऊ लागले तर बाजूला थांबा, पंधरा-वीस मिनिटे, आणि हँडब्रेक ओढू नका, पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. तापलेल्या डिस्कवर पाणी टाकायचे नाही, ती वाकते किंवा तडकते.

चढताना काटा वर गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, पंखा पूर्ण वेगात. आत घाम निघेल पण हीटर हा दुसरा रेडिएटरच असतो. थांबलात तर बोनेट उघडा, झाकण नाही. गरम टाकीचे झाकण उघडले की दाब सुटतो आणि कूलंट तोंडावर येते.

घाट साधारण मेअखेर किंवा जूनपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडा असतो. सप्टेंबरातही माथ्यावर बर्फ पडू शकतो, मग बंद करतात. पर्यायी मार्ग नकाशावर आधीच काढून ठेवा.

---

सह्याद्रीचा_पाना

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. खर्चाचा अंदाज फोकसच्या हिशेबाने मांडतो, छोट्या स्वतंत्र गॅरेजचे दर धरून, शहरागणिक कमी-जास्त होतील.

गाडी ६०० पौंड. टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप ३००. बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असेच धरायचे, कारण बेल्टला मैलांइतकीच वर्षांचीही मर्यादा असते आणि तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. पुढच्या डिस्क, पॅड आणि ब्रेकचे तेल १५०. मधल्या प्रतीचे दोन टायर ११०. इंजिन तेल, सगळे फिल्टर, प्लग ७०. थर्मोस्टॅट आणि कूलंट ५०. पहिल्या फोकसची थर्मोस्टॅटची बैठक प्लास्टिकची, ती तडकते, सोबतच बदला. नवी एमओटी जास्तीत जास्त ५४.८५. एकूण १३३५ च्या आसपास. जॅझ घेतली तर बेल्टचे ३०० वाचतात, पण ती या किमतीला चांगली मिळणे कठीण.

म्हणजे ७५० ची अट गाडीची आहे, तयारीची नाही. तयारीचे पैसे वाचवणे ही काटकसर नव्हे. इटलीत गाडी टाकून चार विमान तिकिटे काढली की हॉस्पिससाठी जमवलेल्या रकमेइतका खड्डा पडतो.

सोबत न्यायचे सुटे सामान: एक लिटर तेल, पाच लिटर पाणी, वेगवेगळ्या मापांच्या जुबिली क्लिप (नळी आवळायच्या पट्ट्या), स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप (फुटलेल्या होजसाठी, साधी टेप गरम रबरावर धरत नाही), सायलेन्सरची पट्टी, केबल टाय, फ्यूज आणि बल्बचा संच, ऑल्टरनेटरचा बेल्ट, जंप लीड, दोरखंड, टायरचे प्लग आणि बारा व्होल्टचा पंप. मल्टीमीटर घ्या: गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.५. तेवढे दिसले नाही तर ऑल्टरनेटरची खबर लीड्समध्येच लागेल. पेट्रोलचा भरलेला कॅन नेऊ नका, जहाजवाले सहसा चढू देत नाहीत.

---

बोनेट_उघडा

पेट्रोलवरून: २००२ च्या आधीची गाडी असेल तर ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) चालते का ते सरकारी तपासणीत बघा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल ई१० आहे. जुन्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलने फुगतात. चालत नसेल तर इथे सुपर घ्या, फ्रान्समध्ये एसपी९८. तिथल्या पंपावर ‘गाझोल’ म्हणजे डिझेल, हे गाडीतल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आणि फोकस घेतलीत तर निघण्याआधी किमान ३०० मैल पळवा, त्यातले शंभर तरी चार माणसे आणि पूर्ण सामान भरून. नव्या भागांतले दोष पहिल्या काही शेकडा मैलांतच दिसतात. नंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने आवळा.

---

घाटमाथा

ताफ्यात जाणार असाल तर फ्रान्सचा एक नियम. टोलच्या मोटरवेवर गाडी बंद पडली तर मित्राच्या गाडीने ओढता येत नाही, तुमची ब्रेकडाउन कंपनीही थेट येऊ शकत नाही. नारिंगी एसओएस खांबावरून फोन करायचा, अधिकृत टो गाडी येते, त्याचे पैसे भरून पावती घ्यायची आणि नंतर कंपनीकडे मागायचे. जाकिटे घालून, सगळ्यांनी कठड्यापलीकडे उभे राहायचे. रडार शोधणारी यंत्रे फ्रान्समध्ये बेकायदा, आणि स्वित्झर्लंडमध्ये नॅव्हिगेशनमधली कॅमेऱ्यांची सूचनासुद्धा. सीमेआधी बंद करा.

---

दानपेटी

पैशांच्या बाजूने थोडे, कारण धाग्याचे मूळ तेच आहे.

प्रवेश फी आणि देणगी वेगळी ठेवा. फी, जहाज, पेट्रोल, गाडी हे तुमच्या खिशातून. लोकांकडून मागितलेले पैसे थेट हॉस्पिसच्या नावाच्या पानावर जाऊ द्या, तुमच्या खात्यातून नको. करदात्या देणगीदाराने गिफ्ट एडची खूण केली तर प्रत्येक पौंडावर संस्थेला २५ पेन्स जास्त मिळतात. पण ज्या रकमेतून देणाऱ्याला सहलीचा लाभ होतो तिच्यावर हे लागू होत नाही, म्हणून फीवर खूण करू नका. हॉस्पिसचा नोंदणी क्रमांक चॅरिटी कमिशनच्या यादीत तपासा आणि तो पानावर लिहा. आयोजक ‘चॅरिटी रॅली’ म्हणत असतील तर फीतला किती भाग कोणत्या संस्थेला जातो, हे लेखी विचारा.

लोक विचारतात, ‘तुमच्या सुट्टीचे पैसे आम्ही का द्यायचे?’ वाजवी प्रश्न आहे. ‘गाडीचा आणि प्रवासाचा सगळा खर्च आमचा, तुमचा प्रत्येक पौंड हॉस्पिसला’ हे एक वाक्य पानाच्या पहिल्या ओळीत ठेवा. बोनेटवरची जाहिरातीची जागा स्थानिक दुकानांना देणगीच्या बदल्यात द्या. तिथे दुकानदाराला मोबदला मिळतो, म्हणून त्या रकमेवरही गिफ्ट एड नाही.

---

लीड्सची_वाट

फार मोलाची माहिती. परत आल्यावर गाडीचे काय करायचे? तीही हॉस्पिसच्या कामी आणता येईल का?

---

फाइलवाला

येईल. एमओटी शिल्लक असेल तर स्टिकर काढून, काय काय बदलले त्याच्या पावत्या लावून विका. नवा बेल्ट आणि ब्रेक असलेली फोकस तुम्ही घेतलेल्या किमतीला जाऊ शकते. ती रक्कम सरळ देणगी. विकण्याजोगी नसेल तर अधिकृत भंगार केंद्रात द्या, नष्ट केल्याचे प्रमाणपत्र मागा, व्ही५सीचा पिवळा भाग स्वतःकडे ठेवून डीव्हीएलएला कळवा. कळवले नाही तर टॅक्स आणि दंडाची पत्रे तुम्हालाच येत राहतात. कळवल्यावर उरलेल्या पूर्ण महिन्यांचा टॅक्स आपोआप परत मिळतो. भंगाराचे पैसे रोखीत देणे-घेणे २०१३ च्या कायद्यानुसार इंग्लंड-वेल्समध्ये बेकायदा आहे, रोख देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. सायलेन्सरचा मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर असेल तर भाव बरा येतो.

काही संस्था गाडी दारातून उचलून, विकून किंवा भंगारात घालून तुमच्या पसंतीच्या चॅरिटीला पैसे पाठवतात. त्यांचा वाटा किती, ते आधी विचारा.

---

दानपेटी

जोड: गाडी प्रवासाच्या शेवटी तिथेच देऊन टाकायची असेल तर त्यासाठी आखलेली रॅली वेगळी असते. प्लिमथहून गांबियाच्या बांजुलला जाणाऱ्या चॅलेंजमध्ये शेवटी गाड्यांचा लिलाव करून पैसे तिथल्या संस्थांना देतात. गांबियात वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे डाव्या स्टिअरिंगची गाडी शोधावी लागते, आणि मोरोक्कोसाठी ग्रीन कार्डही. तुमच्या मार्गाला हे लागू नाही.

---

लीड्सची_वाट

दोन फोकस आणि एका जॅझचे एमओटीचे पान वाचायला घेतले आहे. पहिल्या फोकसवर २०१९ पासून सलग चार वर्षे ‘मागचा ब्रेक पाइप गंजलेला’, आणि मागच्या वर्षी शेराच नाही.

---

बोनेट_उघडा

पावती मागा. नसेल तर टॉर्च घेऊन मागच्या चाकांमधून आत बघा: नवा पाइप तांब्याच्या रंगाचा चमकतो, जुना काळा आणि फुगलेला असतो. काळ्या पाइपवर ग्रीस दिसले तर दुसरी फोकस बघायला निघा.